विश्लेषण : १४० किलो काचा घेऊन हिमालयात! सॅम्युअल बोर्न यांच्या कॅमेऱ्याचे ओझे कोणी वाहिले?

पाठीवरची कॅमेऱ्याची बॅग पाच-सहा किलोंची झाली तरी गडावर जाताना खांदे भरून येतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र डोंगरातला फोटो काढायचा, तर कॅमेऱ्यासोबत अख्खी डार्करूम वर न्यावी लागे. सॅम्युअल बोर्न या ब्रिटिश छायाचित्रकाराने असा पसारा तीन वेळा हिमालयात नेला. तो कसा नेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे जाणून घेऊ.

कोण होते बोर्न?

बोर्न यांचा जन्म १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. नॉटिंगहॅममधल्या एका बँकेत ते कारकून होते आणि फोटोग्राफी हा त्यांचा छंद. नोकरी सोडून १८६३ च्या सुरुवातीला ते कलकत्त्यात उतरले आणि तिथून सिमल्याला गेले. तिथे उभ्या राहिलेल्या व्यवसायातूनच पुढे 'बोर्न अँड शेफर्ड' ही प्रसिद्ध कंपनी घडली. कलकत्ता आणि मुंबईतही तिचे स्टुडिओ निघाले. हिमालयातल्या फोटोंना युरोपीय ग्राहकांची मोठी मागणी होती. त्यामुळे डोंगरवाऱ्या ही बोर्न यांची हौस होती, तसा धंदाही होता.

एवढे सामान लागायचे कशाला?

त्याचे उत्तर त्या काळच्या 'वेट कलोडियन' तंत्रात आहे. काचेच्या प्लेटवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचे, मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. प्लेट ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन डेव्हलप करायचा. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. प्लेट वाळली की ती वाया गेली. म्हणजे जिथे फोटो, तिथेच डार्करूम हवी.

फोटो मोठा करून छापण्याची सोयीची पद्धतही तेव्हा नव्हती. मोठा फोटो हवा, तर तेवढ्याच मापाची काच आणि ती मावेल एवढा कॅमेरा न्यावा लागे.

ओझे नेमके किती होते?

जुलै १८६३ मध्ये सिमल्याहून निघालेल्या पहिल्या मोहिमेत बोर्न यांच्यासोबत सुमारे ३० हमाल होते. सामानात १० फूट उंच आणि तळाशी १० फूट लांब-रुंद असा डार्करूमचा तंबू होता. १२ बाय १० इंचांच्या २५० काचा आणि ८ बाय साडेचार इंचांच्या ४०० काचा होत्या. काचेची जाडी दोन मिलिमीटर धरली, तर मोठी प्लेट जवळपास ३९० ग्रॅमची होते आणि लहान सुमारे ११५ ग्रॅमची. म्हणजे नुसत्या काचांचेच वजन १४० किलोंच्या घरात जाते. कॅमेरे, ट्रायपॉड, रसायनांच्या बाटल्या, राहुट्या आणि शिधा वेगळाच.

सतलज खोऱ्यातून स्पितीच्या सीमेपर्यंत जाऊन दहा आठवड्यांनी बोर्न परतले, तेव्हा त्यांच्याकडे १४७ निगेटिव्ह होत्या. पुढच्याच वर्षी ४० हून अधिक हमाल घेऊन ते कांगडा, चंबामार्गे काश्मीरला गेले.

विक्रम कोणता झाला?

तिसरी मोहीम १८६६ ची. कुलू, स्पिती आणि गंगोत्री असा तिचा मार्ग होता. या मोहिमेत बोर्न यांनी सुमारे १८,६०० फुटांवरच्या मनिरंग खिंडीत फोटो काढले. इतक्या उंचीवर याआधी कोणी फोटो काढला नव्हता आणि पुढची जवळपास २० वर्षे हा विक्रम टिकला. श्वास लागतो, बोटे बधिर होतात, अशा थंडीत ओल्या काचा हाताळणे सोपे नव्हते. बोर्न यांचे कौशल्य वादातीत आहे.

मग ओझे सोपे कोणासाठी झाले?

बोर्न यांच्यापुरता प्रश्न सुटला होता, कारण त्यांचे ओझे दुसऱ्यांच्या पाठीवर होते. सामानाचे एकेका माणसाला उचलेल असे वाटे केले जात. बर्फातल्या खिंडी आणि दोरांचे पूल ओलांडायचे, तेही तुटपुंज्या कपड्यांत. त्या काळी डोंगरी गावांनी साहेबांच्या प्रवासासाठी माणसे पुरवावीत, अशी सक्तीच होती. शेतीची कामे टाकून जावे लागे. वाटेत हमाल पळून गेल्याचे प्रसंग बोर्न यांनी ब्रिटनमधल्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात स्वतःच लिहिले आहेत. त्यांना शोधून काठीने मारल्याचेही त्यांनी लपवलेले नाही. एखादी पेटी टाकून हमाल निघून गेला, तर पूर्ण मोहीम अडायची. म्हणजे विक्रम ज्यांच्यावर अवलंबून होता, तेच त्यात सर्वांत नाखूश होते.

या वेठबिगारीविरुद्ध पुढे पहाडात असंतोष वाढत गेला. कुमाऊंमधल्या बागेश्वरला जानेवारी १९२१ मध्ये लोकांनी बेगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या.

ओझे खरोखर कधी घटले?

रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटचे तंत्र मांडले आणि त्याच दशकात ते सुधारत गेले. प्लेट आधीच तयार करून नेता येऊ लागली, डेव्हलपिंग घरी परतल्यावर करता येऊ लागले. तंबू आणि रसायनांच्या पेट्या सुटल्या. पाठीवरचे वजन उतरवले ते रसायनशास्त्राने.

बोर्न यांना त्याचा उपयोग झाला नाही. १८७० च्या सुमारास ते इंग्लंडला परतले, सुताच्या धंद्यात पडले आणि जलरंगात रमले. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले. कोलकात्यातला त्यांच्या नावाचा स्टुडिओ २०१६ मध्ये बंद झाला. त्यांची हिमालयाची छायाचित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खाली ठिकाणाचे नाव असते आणि छायाचित्रकाराचे. त्या काचा वर पोहोचवणाऱ्यांचे नसते.