कॉर्बेटचा वाघ

जिम कॉर्बेट म्हटलं की बंदूकवाला साहेब डोळ्यांसमोर येतो. मला मात्र तो वेगळ्याच कारणासाठी आवडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा माणूस पक्का ‘फेल्युअर अ‍ॅनॅलिसिस’वाला होता.

जन्म २५ जुलै १८७५, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर, पण ते लवकर वारले. शाळा संपताच रेल्वेची नोकरी. पुढे बिहारमधल्या मोकामा घाटावर ब्रॉडगेजचा माल मीटरगेजकडे चढवायचं कंत्राट त्याने वीसेक वर्षं सांभाळलं.

१९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर होते. पण गडी तिथेच थांबला नाही. त्याने तिचं तोंड तपासलं. उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले! नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली. मुक्तेसरच्या वाघिणीच्या अंगात साळिंदराचे काटे निघाले. वाघ जात्या नरभक्षक नसतो, बहुतेक वेळा जखम किंवा म्हातारपण त्याला तसं बनवतं, हे त्याने जगाला पटवलं.

तो काही संत नव्हता. १९३० मध्ये पवळगडचा अवाढव्य वाघ त्याने निव्वळ शिकार म्हणून मारला. पण वाघ संपत चाललेत हेही त्यानेच ओळखलं. १९३६ साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात त्याचा मोठा हात होता. १९४७ मध्ये तो केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारला. पुढे उद्यानाला त्याचं नाव मिळालं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तोही तिथूनच.

१९६८ मध्ये आग्नेय आशियातल्या वाघाच्या उपजातीला ‘कॉर्बेटी’ नाव दिलं गेलं. आज तोच वाघ कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममधून नाहीसा झालाय. उरलाय तो मुख्यतः थायलंड आणि म्यानमारमध्ये. बाली, जावा आणि कॅस्पियनचे वाघ तर कायमचे गेले. भारतात २०२२ च्या गणनेचा अंदाज ३६८२ आहे, म्हणून गाफील राहून चालणार नाही.

कारण मंडळी, आता वाघाला गोळीइतकाच धोका तुटलेल्या जंगलाचा आहे. उद्याचे रस्ते आणि रेल्वे आपणच आखणार. नागपूरजवळ पेंचमध्ये महामार्ग ४४ उचलून खालून जनावरांना वाट ठेवलीय, आणि वाघ ती वापरतात. म्हणजे जमतं की! ड्रॉइंगवर रेघ मारताना तेवढं लक्षात ठेवूया.