पंडिता रमाबाई व त्यांचें अध्यापनकार्य

वेरूळच्या घृष्णेश्वराच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. एकोणिसाव्या शतकांत अशा तीर्थांच्या ठिकाणीं देवळांत बसून पुराण वाचणारीं कुटुंबें असत. श्रोते जें धान्य किंवा पैसे पुढें ठेवीत त्यांवर त्यांचा चरितार्थ चाले. २३ एप्रिल १८५८ रोजीं जन्मलेल्या रमाबाई अशाच एका फिरत्या कुटुंबांत वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें होतें, आणि त्या माउलीनें तें ज्ञान मुलीस दिलें. शाळेचा उंबरठा न ओलांडलेली ही मुलगी शिक्षिका कशी झाली व त्यास इतकीं वर्षें कां लागलीं, एवढेंच येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

दुष्काळांत आई, वडील व थोरली बहीण गेलीं. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायीं फिरत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मान मिळाला, परंतु शिकविण्यास शाळा मिळाली नाहीं. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिन बिहारी मेधवी यांच्याशीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं तेही पटकीनें गेले. मुलगी मनोरमा तेव्हां वर्षाचीही नव्हती.

त्याच सालीं रमाबाई पुण्यास आल्या. हिंदी स्त्रियांस स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची किती गरज आहे, हें त्यांनीं हंटर कमिशनपुढें मांडलें. स्वतः वैद्यकी शिकावी या इच्छेनें १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीमठांत राहून २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण ज्या कामासाठीं समुद्र ओलांडला तेंच हातचें गेलें. त्यांस ऐकूं कमी येई, आणि बहिरेपणामुळें वैद्यकीचा मार्ग बंद झाला. परमुलूख, कडेवर मूल, आणि नव्या धर्मामुळें स्वदेशांतील बरेच लोक दुरावलेले! परत फिरावें असें दुसऱ्या कोणासही वाटलें असतें. त्या मात्र चेल्टनहॅमच्या विद्यालयांत जाऊन स्वतः गणित व शास्त्र शिकूं लागल्या आणि संस्कृत शिकवूं लागल्या. त्यांनीं पुरुषांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला तेव्हां बिशपांनीं हरकत घेतली. रमाबाईंस ती मुळींच पटली नाहीं. अंतःकरणास खरी शांति तर बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं लाभली, असें त्यांनीं पुढें आपल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. श्रद्धेचें फळ दुसऱ्या दिवशीं मागणाऱ्यांनीं हीं आठ वर्षें ध्यानांत धरावीं.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं व हिंदी विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलें. बोस्टन येथें १८८७ सालीं स्थापन झालेल्या मंडळानें शाळेस दहा वर्षें साह्य करण्याचें ठरविलें.

११ मार्च १८८९ रोजीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. प्रारंभीं विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यांत गोदूबाई नांवाची एक तरुण विधवा होती. तीच पुढें धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. सदन लवकरच पुण्यास आलें. तेथें धर्माची सक्ति नव्हती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेचें दार उघडें असे व मुली आपण होऊन जाऊन बसत. १८९३ सालीं यावरून मोठें वादळ उठलें. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची ती चिंता आम्ही खोटी म्हणत नाहीं. आपलें मूल कोणत्या वाटेनें जातें हें पाहणें त्यांचें कामच आहे. परंतु वर्ग अर्धे रिकामे झालेल्या शिक्षिकेनें दुसऱ्या दिवशीं पुन्हां फळ्यापाशीं उभें राहावें, याचें मोल शिक्षकांसच कळेल.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. केडगांव येथें घेतलेल्या जमिनीवर विहिरी खणल्या, झोंपड्या उभारल्या, आणि तेथें मुक्ति सदन झालें. विणकाम, शेती, छपाई, वाचन, सारें तेथें शिकवीत. आंधळ्या मुलींसही बोटांनीं वाचावयास शिकवीत.

उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांस समजेल अशा मराठींत त्यांनीं पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. १९२१ सालीं मनोरमा वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. भाषांतर पुरें झालेलें होतें. १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. केडगांवच्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या.