माशा बांधणारी मेरी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी नुकतीच लेकीकडून, अमेरिकेहून, परतले होते. मी प्रवासवर्णन लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मी लिहिणार आहे ती एका बाईची हकीगत. ती जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि तिचा उद्योग होता माशा बांधण्याचा.

भगिनींनो, हसू नका. रविवारी सकाळी जावई माशा बांधीत बसतात, असे लेकीने सांगितले तेव्हा मीही हसले होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर उमगले. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाण्यावरचे आणि पाण्यातले किडे हे त्याचे मुख्य खाणे. म्हणून गळावर पिसे, लोकर, रेशीम गुंडाळून किड्याचे सोंग तयार करायचे. त्या सोंगाला तिकडे फ्लाय म्हणतात. (जावई पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात, म्हणून मला त्यांच्या पंगतीला बसता आले!)

त्या दिवशी ते बांधीत होते ते चिलट. ही चिलटे चावत नाहीत. त्यांचे कोश पाण्याच्या वरच्या थराशी लोंबकळत असतात आणि हिवाळ्यात इतर किडे दिसेनासे झाले की ट्राउटची भिस्त त्यांच्यावर. गळ 22 नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान, अगदी आपल्या सुयांसारखेच. तांदळाच्या कणीएवढा तो गळ छोट्या शेगड्यात धरायचा, काळा धागा वेढ्याला वेढा लावून, एकावर एक चढू न देता गुंडाळायचा, त्यावर केसासारख्या रुपेरी तारेचे चार-पाच वेढे, डोक्याशी मोरपिसाचा एकच तंतू, आणि गाठ. जावयांचा धागा दोनदा तुटला. मला राहवेना. जन्मभर भरतकाम केलेली बोटे. मी शेगडा माझ्यापुढे ओढला. तेव्हा जावई म्हणाले की आई, या कामातही पहिले मोठे नाव एका बाईचेच आहे, आणि कपाटातून त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढले.

ती बाई म्हणजे मेरी ऑर्विस मार्बरी. जन्म 1856 सालचा, गाव व्हर्मांट राज्यातले मँचेस्टर. त्याच वर्षी तिचे वडील चार्ल्स ऑर्विस यांनी मासेमारीच्या काठ्यांचा धंदा सुरू केला. काकांचे गावात मोठे हॉटेल होते. उन्हाळ्यात शहरांतली बडी मंडळी हवा खायला येत, आणि जवळच बॅटनकिल नदी. गिऱ्हाईक दारात चालून येई. पुढे टपालाने लांबलांबच्या मागण्या येऊ लागल्या.

मेरी विशीत आली तेव्हा वडिलांनी न्यूयॉर्कहून एक कसबी कारागीर बोलावून तिला हे काम शिकवले. 1876 च्या सुमारास माशांचा सारा विभाग तिच्याकडे आला. हाताखाली गावातल्याच सहा-आठ मुली-बायका. मधल्या काळात तिचे लग्न झाले, पण संसार टिकला नाही आणि ती माहेरी परतली. त्या काळी तिकडेही ही गोष्ट सोपी नव्हती. तिला टेकायला स्वतःचे काम होते, एवढे मात्र खरे.

मेरीच्या माशा चिलटाएवढ्या नव्हत्या. तिकडची त्या वेळची आवड मोठ्या, रंगीत माशांची. पार्मचीन बेल नावाची माशी घ्या. तांबडे-पांढरे पंख आणि पिवळे अंग. ती किड्याची नक्कल नव्हेच, ट्राउटच्याच पोटाकडल्या पराची. पिसे जगभरातून येत. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेली पिसे विलायती माशा बांधणारे मोलाची मानीत. आता त्यांची निर्यात बंद आहे, आणि तेच योग्य.

पण खरी अडचण पिसांची नव्हती, नावांची होती. एका नावाची माशी एका गावी तपकिरी, तर दुसऱ्या गावी करडी. एकाच माशीला चार नद्यांवर चार नावे. गिऱ्हाइकाने पत्रात नाव लिहावे, दुकानाने आपल्या समजुतीची माशी पाठवावी, आणि दोघांनीही चिडावे! हे वाचताना मला आपल्या उद्योग विभागाचा गोडा मसाला आठवला. गेल्या दिवाळीत एका जुन्या गिऱ्हाइकाने पाकीट परत आणून दिले होते. गेल्या वेळचा हा नव्हेच, असे त्यांचे म्हणणे. त्या वेळचा मसाला मी भाजला होता, या वेळचा दुसरीने. दोघींनी आपापल्या आईची रीत पाळली होती.

मेरीने काय केले? देशभरच्या मासेमारांना पत्रे गेली. तुमच्या पाण्यात कोणती माशी चालते, कशी बांधता, नाव कोठून आले, असे विचारले. 38 राज्यांतून दोनशेंहून अधिक जणांची उत्तरे आली. ती सारी जुळवून, 290 माशांची रंगीत चित्रे 32 पानांवर छापून, 1892 साली तिने पाचशेंहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. यापुढे नावावरून वाद झाला तर चित्र दाखवता येणार होते.

ग्रंथात नुसती मापे नाहीत. प्रोफेसर नावाच्या माशीची कथा पाहा. स्कॉटलंडातले प्राध्यापक जॉन विल्सन यांच्याजवळच्या माशा एकदा संपल्या, तेव्हा त्यांनी काठावरच्या पिवळ्या फुलाच्या पाकळ्या गळाला बांधल्या आणि मासा लागला, असे सांगतात. तेव्हापासून त्या माशीचे अंग पिवळे. 1896 पर्यंत ग्रंथाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. मुखपृष्ठावर नाव एकट्या मेरीचे, पण बांधणारे हात पुष्कळ होते, एवढी हुरहूर मला लागून राहिली.

1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ऑर्विस मंडळींनी माशा आणि नद्यांवरची छायाचित्रे तावदानांत मांडून पाठवली होती. मँचेस्टरच्या संग्रहालयात ती जपून ठेवली आहेत. लेक आणि जावई मला तेथे घेऊन गेले. काचेला नाक टेकवून मी धाग्याचे वेढे निरखले. एकावर एक चढलेला एकही मला दिसला नाही. मेरी 1914 साली वारली. ज्या वडिलांनी तिला या कामाला बसवले, त्यांना तिचे जाणे पाहावे लागले. ते पुढल्या वर्षी गेले.

परत आल्यावर मी मंडळात वही घातली आहे. तीन घरच्या मसाल्याची मापे उतरवून झाली. धणे-खोबऱ्यावर एकमत आहे. दगडफुलावरून गेले दोन शनिवार वाद चालू आहे, आणि या शनिवारी मावशी आपला तराजू घेऊन येणार आहेत.