चक्रधरांचा छळ कशासाठी झाला?



बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथ त्याला आत्मतीर्थ म्हणून मान देतो. याच पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांचे चरित्र धर्मांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे.

काळ तेराव्या शतकाचा. देवगिरीवर यादवांचे राज्य. पंथाची परंपरा चक्रधरांना भडोचच्या प्रधानाचा पुत्र मानते. ऐश्वर्य टाकून ते वऱ्हाडात आले. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू त्यांचे गुरू. पुढे गोदाकाठच्या गावोगाव ते फिरले. पंडितांची संस्कृत सोडून लोकांच्या मराठीत बोलले. अहिंसा सांगितली. भिक्षा चारही वर्णांच्या दारी मागायला लावली. स्त्रियांना संन्यास दिला आणि मासिक धर्माचा विटाळ मानू नका असे शिकविले.

यात गुन्हा कोणता? तरीही पैठणच्या धर्मसभेने त्यांना जाब विचारला, त्यांचा छळ झाला. सुमारे १२७४ साली ते महाराष्ट्रातून दिसेनासे झाले. ते उत्तरापंथे गेले अशी पंथीयांची श्रद्धा आहे.

वाचकहो, असाच प्रश्न बायबलाचा नवा करार वाचतानाही पडतो. येशूने शस्त्र उचलले नव्हते. मग यरुशलेमच्या याजकांना तो का नकोसा झाला? योहानाच्या शुभवर्तमानात महायाजक कयफाच्या सभेची भीती स्पष्ट दिसते. सगळे लोक त्याच्या मागे गेले तर रोमन येतील आणि आपले स्थान जाईल, ही ती भीती. त्याने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथविले होते. मार्क तर सांगतो की याजकांनी त्याला हेव्यापोटी धरून दिले, हे पिलातालाही कळले होते.

आता देवगिरीकडे पाहा. यादवांचा करणाधिप हेमाद्री हा चतुर्वर्गचिंतामणीचा कर्ता. त्या ग्रंथात शेकडो व्रते आहेत. व्रत म्हटले की दान आले, दान म्हटले की दक्षिणा आली. लोक व्रते सोडून चक्रधरांच्या मागे निघाले, तर या यंत्रणेचे काय व्हायचे? वादात हरविता येत नाही म्हणून स्त्री-अनुयायांवरून आक्षेप उठले. भगवान बुद्धांवरही चिंचेकरवी असाच आळ आणविला गेला होता, कारण इतर पंथीयांचा लाभसत्कार घटला होता.

परंतु येथे एक गोष्ट विसरू नका. लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट, आचार्य नागदेव, महदंबा हे चक्रधरांचे अनुयायी ब्राह्मणच होते. येशूकडे रात्री जाणारा निकदेम आणि त्याला आपली कबर देणारा अरिमथाईकर योसेफ हेही त्या न्यायसभेच्याच वर्तुळातले. शुभवर्तमाने व लीळाचरित्र दोन्ही अनुयायांनी मागाहून लिहिली. त्यात दुःख आहे, रागही आहे. त्या रागाचा आधार घेऊन ख्रिस्ती सत्तांनी शतकानुशतके सबंध ज्यू समाजाला दोषी धरून छळले. तो घोर अन्याय होता.

म्हणून हेतू शोधायचा तो जन्मात नव्हे, गादीत शोधावा. १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी हेच स्पष्ट केले होते. स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मण्य. ती कोणत्याही जातीत शिरू शकते.

तेव्हा कोणी तुमच्या धर्मांतरावर चिडला, तर त्याच्या शास्त्राआधी त्याची मिळकत आणि मान तपासा. आणि हीच कसोटी आपल्या विहारालाही लावा. विहारात प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला, पुढे बसणाऱ्या बाईला गप्प केले जात असेल, तर पैठणची ती सभा आपल्या दारात भरली आहे असे समजा.

जयभीम!