डोके वाचवणारे डॉक्टर : ह्यू केर्न्स

मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेले हेल्मेट आपण रोज बघतो. ते आरशाला नाही, डोक्यावर हवे, हे ज्यांनी आकडे मांडून सिद्ध केले त्या डॉक्टरांची ही माहिती.

ह्यू केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी गावी झाला. वडील सुतारकाम करीत. ह्यू अभ्यासात हुशार. अॅडलेड येथे ते डॉक्टर झाले. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला ऑक्सफर्डला गेले. तिथे ते नौकानयनातही चमकले. नंतर अमेरिकेत हार्वे कुशिंग या थोर शल्यविशारदांच्या हाताखाली मेंदूच्या शस्त्रक्रिया शिकले.

१३ मे १९३५ रोजी एक अपघात झाला. पहिल्या महायुद्धात गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून घरी चालले होते. वाटेत सायकलवर दोन मुले होती. त्यांना वाचवायला गेले आणि स्वतः फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. केर्न्स यांना बोलावले गेले. पण लॉरेन्स शुद्धीवर आलेच नाहीत. सहा दिवसांनी ते वारले. वय अवघे ४६.

केर्न्स यांच्या ध्यानात आले, की मेंदूला जबर मार बसल्यावर डॉक्टर किती जरी हुशार असला तरी त्याचे हात तोकडे पडतात. मग मार बसूच नये म्हणून काय करायचे?

दुसरे महायुद्ध सुरू झाले. केर्न्स यांनी हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरची २२७९ माणसे रस्त्यावर मेली. बहुतेकांच्या डोक्याला मार होता. हेल्मेट घातलेले फक्त ७ जखमी त्यांना आढळले. ते सातही वाचले! १९४१ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

आता मेंदूला मार बसतो कसा ते पाहू. मडक्यातले दही हिसका बसला की कसे हलते? मेंदू तसाच मऊ असतो. कवटी फुटली नाही, रक्त आले नाही, तरी आतला मेंदू हिसका खातो. ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ होलबोर्न यांनी जिलेटिनचा मेंदू करून हे दाखवून दिले. डोके गर्रकन फिरले तर आत जास्त इजा होते, असे त्यांना आढळले. हेल्मेटचे कवच आणि आतली गादी मिळून धक्का पसरवतात नि कमी करतात.

१८ जुलै १९५२ रोजी केर्न्स वारले. ब्रिटनमध्ये सगळ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ साली, म्हणजे त्यांच्या मागे २१ वर्षांनी. आपल्या देशातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेट घालायला सांगितले आहे.

मित्रांनो, झाडावरून पडलो, कबड्डीत डोके आपटले, की आपण मार बसेल या भीतीने घरी सांगत नाही. तसे करू नका. लगेच खेळ थांबवा आणि गुरुजींना किंवा बाईंना सांगा. त्या दिवशी पुन्हा खेळायला उतरू नका. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, तेच तेच विचारत राहणे ही मेंदूला हिसका बसल्याची लक्षणे आहेत. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवावे. पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, बेशुद्धी आली, झटके आले, मूल उठवूनही नीट जागे होत नसेल, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. टेंगूळ आले नाही म्हणजे काही झाले नाही, असे समजू नये.

आणि आलेल्या पालकांना विनंती. गाडीवर पुढे तुम्ही असता, मागे आम्ही असतो. हेल्मेट दोघांनाही पाहिजे. हात मोडला तर प्लास्टरने जुळतो. मेंदूला प्लास्टर घालता येत नाही.