सम्राट कॉन्स्टंटाईन : सिंहासन आणि क्रूस

दर रविवारी मिस्सामध्ये आपण जो विश्वासांगीकार उच्चारतो, त्याचा पाया इ.स. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या पहिल्या वैश्विक धर्मपरिषदेत घातला गेला. ही परिषद भरवणारी व्यक्ती बिशप नव्हती, धर्मगुरू नव्हती, इतकेच नव्हे तर तिचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता. ती व्यक्ती म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन. ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्याच्याइतके आदराने आणि तितक्याच वादाने घेतले जाणारे राजनाव विरळाच. त्याच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॉन्स्टंटाईनचा जन्म इ.स. २७२ च्या सुमारास आजच्या सर्बियातील निश ह्या नगरात झाला. पिता कॉन्स्टन्शियस हा रोमन सेनेतील अधिकारी, तर माता हेलेना अत्यंत सामान्य कुळातील. पित्याचा अधिकार वाढत गेला तसे त्याने हेलेनाला दूर केले आणि सम्राट मॅक्सिमियन ह्याच्या सावत्र मुलीशी विवाह केला. कॉन्स्टंटाईनचे तारुण्य निकोमेडिया येथे, सम्राट डायोक्लेशियनच्या दरबारात गेले. तेथेच इ.स. ३०३ साली ख्रिस्ती लोकांच्या सर्वांत भीषण छळास प्रारंभ झाला. मंदिरे पाडण्यात आली, पवित्र ग्रंथ जाळण्यात आले, असंख्य भाविकांनी श्रद्धेसाठी रक्त सांडले.

इ.स. ३०६ साली ब्रिटनमधील यॉर्क येथे पित्याचे निधन झाले आणि सैनिकांनी तेथेच कॉन्स्टंटाईनला सम्राट म्हणून घोषित केले. त्या काळी साम्राज्यावर एकाच वेळी अनेक सम्राट हक्क सांगत होते. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोम नगराबाहेर मिल्व्हियन पुलाजवळ प्रतिस्पर्धी मॅक्सेन्शियसशी त्याचे निर्णायक युद्ध झाले. मॅक्सेन्शियस टायबर नदीत बुडून मेला. ह्या युद्धापूर्वी कॉन्स्टंटाईनला ख्रिस्ताचे चिन्ह धारण करण्याचा आदेश मिळाला, असे तत्कालीन ख्रिस्ती लेखक सांगतात. लॅक्टँशियस त्यास स्वप्न म्हणतो, तर बिशप युसेबियस आकाशात दिसलेल्या तेजोमय क्रुसाचे वर्णन करतो. रोममध्ये इ.स. ३१५ साली उभारलेल्या विजयकमानीवर मात्र ख्रिस्ताचे नाव नाही. विजयाचे श्रेय तेथे केवळ दैवी प्रेरणेला दिलेले आहे. सम्राटाचे मन हळूहळू वळत होते, असाच ह्याचा अर्थ आम्ही घेतो.

इ.स. ३१३ साली मिलान येथे कॉन्स्टंटाईन आणि पूर्वेकडील सम्राट लिसिनियस ह्यांच्यात समझोता झाला. ख्रिस्ती लोकांना, तसेच अन्य सर्वांनाही, आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली. जप्त केलेल्या जागा ख्रिस्तसभेला परत देण्यात आल्या. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले नाही. ते पुढे इ.स. ३८० साली सम्राट थिओडोशियसच्या काळात घडले. मिलानने दिले ते स्वातंत्र्य, आणि ते सर्वांसाठी होते.

त्यानंतर राजाश्रयाचा ओघ सुरू झाला. रोममधील लॅटरन महामंदिर, व्हॅटिकन टेकडीवर संत पेत्राच्या कबरीवरील मंदिर आणि जेरुसलेम येथील पवित्र कबरीचे मंदिर ही त्याच्याच आश्रयाने उभी राहिली. लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण आपण ९ नोव्हेंबरला साजरा करतो. इ.स. ३२१ साली रविवार हा न्यायालये आणि नगरवासी ह्यांच्यासाठी विश्रांतीचा दिवस ठरला. शेतकऱ्यांना मात्र शेतीच्या कामाची मुभा होती. गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर डाग देण्याची शिक्षा त्याने बंद केली.

इ.स. ३२४ साली लिसिनियसचा पराभव करून कॉन्स्टंटाईन संपूर्ण साम्राज्याचा एकमेव अधिपती झाला. परंतु साम्राज्य एक झाले तेव्हा ख्रिस्तसभा दुभंगू पाहत होती. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस हा पुत्र पित्यासमान शाश्वत नसून निर्मिलेला आहे, असे शिकवू लागला होता. सम्राटाने नायसिया येथे बिशपांना पाचारण केले आणि त्यांच्या प्रवासासाठी सरकारी वाहने पुरविली. पोप सिल्व्हेस्टर ह्यांनी आपल्या वतीने दोन धर्मगुरू पाठविले. जमलेल्यांपैकी काहींच्या देहावर छळाच्या खुणा होत्या. बिशप पॅफ्नूशियस ह्यांचा एक डोळा छळात गेला होता आणि सम्राटाने त्या जागेचे आदराने चुंबन घेतले, असे परंपरा सांगते. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, ही श्रद्धा परिषदेने निःसंदिग्ध शब्दांत मांडली.

ह्याच्या पुढचे पान मात्र काळोखे आहे. बहिणीच्या विनवणीवरून तिचा पती लिसिनियस ह्याला कॉन्स्टंटाईनने जीवदान दिले होते. तरीही वर्षभरातच त्याला ठार करण्यात आले. इ.स. ३२६ साली सम्राटाने स्वतःचा ज्येष्ठ पुत्र क्रिस्पस ह्याला देहदंड दिला आणि लवकरच पत्नी फाउस्टा हिचाही अंत घडविला. नायसियाला जेमतेम एक वर्ष उलटले होते. नंतर त्याने आरियसला हद्दपारीतून परत बोलाविले आणि इ.स. ३३५ साली सत्यश्रद्धेचे कैवारी संत अथनेशियस ह्यांनाच दूर ट्रिअर येथे धाडले. राजा ख्रिस्तसभेचे रक्षण करतो तेव्हा तो तिला आज्ञाही करू लागतो, हा धडा ख्रिस्तसभेला असा लवकरच मिळाला.

त्याच सुमारास वृद्ध हेलेना पवित्र भूमीच्या यात्रेस निघाली. बेथलेहेम आणि जैतुनाच्या डोंगरावर मंदिरे उभारण्याचे कार्य तिच्या नावाशी निगडित आहे. प्रभूच्या क्रुसाचा शोध तिनेच लावला, असे परंपरा मानते. तिचा सण १८ ऑगस्ट रोजी येतो.

११ मे ३३० रोजी प्राचीन बायझँटियमच्या जागी नव्या राजधानीचे समर्पण झाले. हे कॉन्स्टॅन्टिनोपल इ.स. १४५३ पर्यंत पूर्व रोमन साम्राज्याचे केंद्र राहिले. त्यालाच आज इस्तंबूल म्हणतात. इ.स. ३३७ मध्ये अखेरच्या आजारात निकोमेडियाजवळ कॉन्स्टंटाईनने स्नानसंस्कार स्वीकारला. त्यानंतर त्याने राजवस्त्रे पुन्हा धारण केली नाहीत आणि नवदीक्षिताची शुभ्र वस्त्रे लेऊनच २२ मे रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, देह ठेवला. काही महिन्यांतच राजघराण्यातील अनेक पुरुषांची कत्तल झाली आणि तीन पुत्रांनी साम्राज्य वाटून घेतले.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा त्याला संत मानते आणि हेलेनेसह त्याचा सण २१ मे रोजी पाळते. आपल्या रोमन संतनामावलीत हेलेना आहे, कॉन्स्टंटाईन नाही. ह्यात आम्हांला कृतघ्नता दिसत नाही. त्याचे उपकार मोठे होते, पण उपकार आणि पावित्र्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या नायसियात परिषद भरली ते आजचे तुर्कस्तानातील इझनिक. परिषदेच्या १७०० व्या वर्षानिमित्त २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी तेथे प्राचीन मंदिराच्या अवशेषांपाशी अन्य ख्रिस्ती धर्मप्रमुखांसह प्रार्थना केली. सम्राटाचे साम्राज्य लयास गेले, राजधानीचे नावही बदलले, तेथील श्रद्धावचन मात्र टिकले. सत्तेची मर्जी लाभली की आपण सुरक्षित झालो आणि ती गेली की आपण संपलो, असे अल्पसंख्य समाजाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मिलानच्या आधीची तीन शतके ख्रिस्तसभा राजाश्रयाविना जगली आणि वाढली. येत्या रविवारी विश्वासांगीकार म्हणताना, तो जपण्यासाठी देहावर व्रण घेऊन नायसियाला आलेल्या त्या बिशपांचे आपण आवर्जून स्मरण करूया. आणि अखेरीस राजवस्त्रे उतरवून ठेवणाऱ्या त्या सम्राटासाठीही एक प्रार्थना करूया.