अंगणात गेलेली शाळा

सिंदेवाहीकडच्या मुलाच्या बोलण्यात ‘ण’ सहसा ऐकू येत नाही. झाडीबोलीत त्याची जागा ‘न’ने घेतली आहे. पाण्याला पानी आणि लोण्याला लोनी म्हणतच हा मुलगा मोठा होतो. मग कॉलेजात पहिल्यांदा उभा राहून उत्तर देतो आणि वर्गात खसखस पिकते. त्यानंतर तो तोंड उघडत नाही, आणि शिकवणाऱ्यांना वाटते, पोरगा मठ्ठ आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. इथल्या महाविद्यालयांत झाडीबोलीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली बोलणाऱ्या घरांतली मुले येतात. अशा मुलांना शिकवायचे तर आधी शिकवणाऱ्यानेच काही शिकायला हवे, हा विचार नवा वाटतो. पण मराठी मुलखात आठ दशकांपूर्वी एका बाईंनी तो आचरून दाखवला होता. त्यांच्यापुढची मुले वयाने लहान होती, इतकाच फरक. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरातला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर वऱ्हाडात, अमरावतीला आल्या. पण संसार टिकला नाही. त्या काळी बाईने घटस्फोट घेऊन पदरच्या लेकीसह उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयात काही काळ काम करून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांनी तिथे आत्मसात केली. पुढे १९३६ साली दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले. नाव झाले, मान मिळाला.

इथेच थांबल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता. पण माँटेसरीची साधने महाग, आणि ती वापरणारी मुले शहरी, सुस्थितीतली. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ सोबतीला होत्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकेनात. आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून ताराबाईंना मोकळे होता आले असते. त्यांनी उलट केले. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तिथेच मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. अंगणवाडी म्हणतात ती ही.

पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथली अडचण निराळी होती. मुले दिवसभर गुरांमागे, आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. घंटा वाजवून ती येणार थोडीच! मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली, तिला कुरणशाळा म्हणत. भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. शिकवणाऱ्यांनी पाड्यावर जायचे, घर पाहायचे, बोली ऐकायची, आणि मग धडा ठरवायचा. खरे प्रशिक्षण हेच होते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले.

आज सिंदेवाहीतही अंगणवाडी आहे. तिथे पानी म्हणणाऱ्या पोराला कुणी हसत नाही. बाईही बहुधा तीच बोली बोलतात. तेच पोर अठराव्या वर्षी कॉलेजात येते तेव्हा मात्र आपण त्याला उंबऱ्याबाहेर उभे करतो. प्रमाण मराठी त्याला शिकवायलाच हवी, तिच्यावाचून त्याचे पुढे अडेल. पण त्याआधी त्याच्या पान्याची चव आपण घेतली पाहिजे. ताराबाईंनी पन्नाशी उलटल्यावर नव्याने शिकायला घेतले होते. पगारी प्राध्यापकांना ते जड जाऊ नये.